चुलवणातल्या सापाचे पाय

बेंदराचा दुसरा दिवस, सन १९४८

ही वही माझ्या नातवाची, लालासाहेबाची. पलटणीतनं सुटून आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत कोरी पडली होती. मी त्यात लिहिते हे घरात कुणाला ठाऊक नाही, आणि झालं तरी भ्यायचं कारण नाही. माझा ल्योक आकाराम अंगठेबहाद्दर. त्याची बायको मनुबाई, तिला घरातलं सगळं वाचता येतं, कागद सोडून. लाला शिकलेला आहे, पण तो हल्ली कुणाच्या तोंडाकडं बघत नाही, वहीकडं कधी बघणार.

मी अक्षर शिकले अठ्ठावन्नाव्या वर्षी. लढाई चालू होती. लालाची पत्रं पोस्टमन ओट्यावर बसून खड्या आवाजात वाचायचा, आणि माझ्या नातवाला काय झालंय ते सांजच्याला गल्ली मला सांगायची. मारुतीच्या देवळात पोरांनी वर्ग काढला, तिथं मी जाऊन बसले. पोरं हसली. मी म्हणाले, हसून घ्या, मग पाटी द्या.

आता कालचं लिहिते, कारण काल माझ्या तोंडानं एक काम केलंय.

बैलं मिरवून आली, पंगत बसली, आणि मनुबाईनं विषय काढला. पलूसकडची पोर बघून ठेवलीय, श्रावणात सुपारी फोडायची. लालाचं दुसरं लग्न. पहिली तिथंच वाढत होती. शालू. लग्नाला सात वर्षं. त्यातली पाच लाला पलटणीत, पण दोन वर्षं तर घरात आहे, आणि पाळणा हलला नाही. का हलला नाही ते सगळ्या गावाला माहीत आहे, कारण मीच सांगितलंय.

माघात आमचं गुऱ्हाळ लागलं होतं. उसाच्या पाल्यात शालूच्या पायापाशी नाग निघाला. तिनं कोयता घातला. गड्यांनी तो उचलून गुळाच्या कढईखालच्या चुलवणात टाकला. जाळ लागला तसं त्याच्या पोटाच्या खालच्या अंगाला, शेपूट सुरू होतं तिथं, दोन्ही बाजूंनी दोन लाल बोंडं बाहेर आली. काटेरी, बोटाच्या पेराएवढी. गडी म्हणाले, सापाचे पाय. सापाचे पाय सापालाच ठाऊक म्हणतात, आणि आम्हा दहा जणांना दिसले. सगळी माझ्याकडं बघाय लागली, कारण मी थोरली. मी म्हणाले, "नागीण हाय. अवघडल्याली. बाळंत हुताना बाई फाकती तसं पाय फाकल्यात तिनं. भरलं पोट जाळलंसा रं."

लोकांना असलं ऐकायला आवडतं. मला सांगायला आवडतं, खोटं कशाला बोलू. आठवड्यात गावभर झालं, शालूनं नागिणीची कूस जाळली म्हणून नागिणीनं तिची मिटली. माघाच्या आधीची वर्षं कशी गेली हे कुणी विचारलं नाही. शालू रडली पण नाही. उन्हातनं आलेल्याला पाण्याचा तांब्या दिल्यावर तोंड होतं तसं तिचं झालं. "व्हय, माझ्यामुळंच," म्हणाली. मला वाटलं, निर्ढावलेली आहे.

काल ती वाढता वाढता म्हणाली, "आज्जी, नागानं मला माफ केलं तर?"

मी घास चावत म्हणाले, "मग त्यालाच इचार की. पंचमीच्या जित्या नागाचं मडकं यंदा आपल्याच घरात ऱ्हाणार हाय. घाल हात. चावला तर माफी न्हाई, न्हाई चावला तर सवत न्हाई. आमाला कशापायी इचारतीस?"

गडी हसले. मनुबाई हसली. शालूनं पोळ्यांची परात खाली ठेवली आणि "बरं" म्हणाली.

लाला भरल्या ताटावरनं उठला.

वद्य चतुर्थी

पोरीनं खरं केलं. आज आंबाबाईच्या देवळात जाऊन कौल लावला. गुरवानं देवीच्या दोन्ही अंगाला फुलं चिकटवली. तिनं मोठ्यानं सांगितलं, चार बाया ऐकत होत्या, "पंचमीला मडक्यात हात घालते, मान्य आसलं तर उजवं दे." उजवं पडलं. फुलालाही आजच अक्कल सुचायची होती.

आकाराम म्हणतो, "आये, आता देवीचा सबूद हाय. माझ्या हातात काय ऱ्हायलं?" त्याच्या हातात आधी तरी काय होतं.

मनुबाई म्हणते, "वाचली तर वाचली. म्या काय तिचं वंगाळ चितत न्हाई." आणि पलूसला निरोप गेला आहे की पंचमीपर्यंत थांबा. म्हणजे हिनं दोन्ही बाजूंनी चूल पेटवून ठेवली आहे.

शालूला मागल्या दारी गाठलं. म्हणाले, "पोरी, म्या रागाच्या भरात बोलले. माझ्या तोंडाला हाड न्हाई, गावाला ठावं हाय. कौल परत लावू."

ती भांडी घासत होती. "तुमी बोलला त्ये बरंच झालं, आज्जी. सवत आली न्हाई म्हंजे झालं."

"आन् चावला तर?"

"न्हाई चावायचा."

"तुज्या कानात सांगितलं व्हय त्यानं?"

हसली. सवतीचं एवढं भय कुणी घेतं का? माझ्या मोठ्या बहिणीला दोन होत्या. तिघी मिळून नवऱ्याला शिव्या घालायच्या.

वद्य अष्टमी

काही लिहिण्याजोगं नाही.

वद्य दशमी

बिराप्पानं नाग आणला. हा धनगर माणूस, दरवर्षी हाच धरतो. बिळ हुडकतो, हातानं उकरतो, नागाला ओरखडा येऊ देत नाही. पंचमी झाली की धरला तिथंच नेऊन सोडतो. मडकं मागल्या सोप्यात आढ्याला टांगलंय, तोंडाला फडकं बांधून. आत हललं की मडक्यातनं कोंड्यात हात फिरवल्यासारखा आवाज येतो.

बिराप्पाला बाजूला घेतलं. "ह्याचं दात पाडता येत्यात का रं?"

"म्हातारे, गारुडी हाय व्हय मी? पंचमीचा नाग हाय ह्यो. दात पाडलं की त्यो म्हैन्यात मरतो."

"न्हाई पाडलं की माझी नातसून घटकेत मरंल."

बिराप्पानं तंबाखू मळली. लय वेळ मळली. "मग ज्यानं बोलायचं त्यानं इचार करून बोलायचं," म्हणाला. गावात माझ्या तोंडावर असं बोलणारा हा पहिलाच.

चांदबी कासारीण म्हणते, तिचा ल्योक इलाही मुंबईला सरकारच्या औषधाच्या कारखान्यात दहा वर्षं सापाचं विष काढत होता. आता सांगलीत एका डॉक्टरकडं कंपाउंडर आहे. विचारून बघते. बुडत्याला काडी कुणाच्या रानातली, हे बघायचं नसतं.

अवसेच्या आधल्या दिवशी

डोळे दाखवायचं निमित्त केलं आणि गावातल्या भाऊसोच्या गुळाच्या लॉरीत बसून सांगलीला गेले. हाडं खिळखिळी झाली. जे कळलं ते लिहिते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

इलाहीनं आधी चहा पाजला. मी दातांचं विचारलं. तो म्हणाला, "आज्जी, दात पाडलं तरी विषाची पिशवी ऱ्हाती, दात परत येत्यात. त्यो नाद सोडा. पर हात कशापायी घालती ती?" मी गुऱ्हाळातलं सांगितलं. नागीण, बाळंतपण, पाय. तो ऐकता ऐकता उठला आणि फळीवरची काचेची बरणी काढून माझ्यापुढं ठेवली. आत पिवळट पाण्यात नाग, वेटोळं घातलेला. शेपटापाशी दोन्ही बाजूंनी तीच दोन बोंडं. काटेरी. रंग तेवढा उतरलेला.

"हेच," मी म्हणाले. "हेच पाय."

"पाय न्हवं, आज्जी. नर हाय ह्यो. त्याचं गडीपण हाय त्ये."

"दोन?"

"दोन. शेपटात आत उलटी करून ठिवल्याली आस्त्यात, पायमोज्याचं बोट आत ढकलावं तशी. गरज पडली की रगत भरून बाहेर येत्यात. आगीत टाकला, दाबला, तरी येत्यात. येका टायमाला येकच वापरतो, मादी ज्या अंगाला आसंल त्या अंगाचं. काटं आस्त्यात म्हंजे निसटत न्हाई."

मी म्हणाले, "आमच्यातल्यांना येक आवरत न्हाई."

तो लाजला. दाढीवाला बाप्या, पण लाजला. मग सगळं सांगत बसला, कारण असलं विचारायला त्याच्याकडं कोण जातंय. नर-मादी तिथं शेपटावरनं निवडत. नराचं शेपूट बुडाशी जाड आणि लांब, कारण आत ही दोन बोंडं. मादीचं लगेच बारीक होतं. नागीण बाळंत होतच नाही, अंडी घालते. जिती पिल्लं विते ती घोणस.

नागाची अंडी मी सोता बघितली आहेत, बांधाच्या बिळात, चिकटलेली, मऊ सालीची, वीस तरी होती. मला ठाऊक होतं. तरी चुलवणापाशी उभी राहून मी बाळंतपण म्हणाले, कारण ते शोभलं.

"आन् मादी," इलाही म्हणाला, "येकदा नराचं बी घेतलं की म्हैनोम्हैनं पोटात जपून ठिवती. पुढं तिच्या सवडीनं अंडी. आमच्याकडं येक मादी सहा म्हैनं येकटी कोंडल्याली, तरी अंडी घातली तिनं."

"माणसाच्या बाईला जमलं आस्तं तर लालाच्या रजेतच काम भागलं आस्तं."

तो हसला. मग म्हणाला, "पर बी आसाय पायजे. बी तयार करायच्या गोळ्या निराळ्या. पोटात, वर, येक पुढं येक मागं. हंगाम नसला की सुकून वाटाण्यायेवढ्या हुत्यात. तवा ही दोन हत्यारं कितीबी नाचली तरी रिकामी. बाहेरनं बघणाऱ्याला काय कळत न्हाई."

मी उगंच विचारलं, बोलायचं म्हणून. "माणसाचं तसं हुतं का रं?"

"हंगामाचं न्हाई. पर आजारानं हुतं. पलटणीच्या दवाखान्यातला येकजण सांगायचा. गालगुंड झालं, सूज खाली उतरली, दोन्हीकडं, तर काय जणांच्या गोळ्या कायमच्या सुकत्यात. गडी धडधाकट. सगळं जिथल्या तिथं. पोर तेवढं न्हाई."

चहाचा कप माझ्या हातात होता. तो खाली ठेवला एवढं आठवतं. परत येताना लॉरीत भाऊसो काहीबाही बोलत होता. मी हूं हूं म्हणत होते.

अवस

माझ्या पेटीत लालाचं एक पत्र आहे. सन चव्वेचाळीस, इटलीतनं. मी आयुष्यात सोताच्या डोळ्यांनी वाचलेलं पहिलं पत्र. अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवलं होतं. आज काढलं.

"आज्जी, मला गालगुंड झाले होते. सूज उतरून खाली गेली, दोन्हीकडे. पंधरा दिवस दवाखान्यात होतो. आता चालतो फिरतो. डॉक्टर म्हणाले," आणि पुढची ओळ शाईनं गच्च खोडलेली. दिव्यापुढं धरून तवाही बघितलं होतं, लागली नाही. त्याखाली सगळ्यांना नमस्कार.

तवा मी घरात सांगितलं, लाला खुशाल आहे. खालच्या सुजेचं बायकांपुढं कशाला वाचू. आणि अक्षर लागलं याचाच मला एवढा आनंद झाला होता की अक्षरात काय आहे ते मी बघितलंच नाही.

श्रावण शुद्ध प्रतिपदा

सांगून बघितलं. गुऱ्हाळातला त्यो नाग नर हुता, पोटात अंडी नव्हती, शाप कुठला बसतोय. आकाराम म्हणाला, "म्हातारपणी सापाचं लुगडं फेडून बघत हिंडतीस व्हय, आये?" मनुबाईनं कानांवर हात ठेवले, बोटं फाकवून.

शालू म्हणाली, "नर आसला तरी जीवच की. कौल लागलाय." आणि मग हळू विचारलं, "आनखी काय सांगितलं इलाहीनं?"

"काय न्हाई."

तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

दुपारी लालाला गोठ्यात गाठलं. वैरण तोडत होता. पत्र पुढं धरलं. त्यानं अक्षर ओळखलं आणि विळी थांबली.

"ठावं हाय तुला?" मी विचारलं.

त्यानं विळी आडवी केली. मग, "तवाच सांगितलं डाक्टरनं."

"आन् ती पोर मडक्यात हात घालतीया."

"म्या काय कौल लावाय सांगितला व्हता?"

"बोल की मग. येका वाक्याचं काम हाय."

"आज्जी, गावात तोंड कसं दावू? कुस्तीला उभा ऱ्हायलो की काय म्हनतील? पत्र दे माझ्याकडं."

लहानपणी लागलेलं दाखवायला हात पुढं करायचा, तसाच केला. ह्याला जन्मल्यापास्नं मी अंगाखांद्यावर वाढवला. ह्याच्या आईला दूध नव्हतं, शेळी बांधली. मी पत्र कमरेच्या चंचीत घातलं.

"जाळ त्ये," म्हणाला. "म्या करतो कायतरी."

"काय करणार?"

"करतो म्हनलं न्हवं."

तृतीया

तो काही करत नाही. मडक्याखालनं जातो येतो. शालू मडक्यापाशी बसते. मी दोनदा ऐकलं, ती त्याच्याशी बोलते. काय बोलते ते लागलं नाही, मी गेले की थांबते.

दोघं एकमेकांशी भांडतानाही दिसत नाहीत. ज्या बाईचा नवरा असा दगड, तिनं भांडी तरी आपटावीत.

मी पत्र वाचलं तर लाला मेला. नाही वाचलं तर शालू मेली. नातवाला पोटाशी धरून नातसुनेला मरू देणाऱ्या बाया मी बघितल्या आहेत, त्यांच्या पंगतीला बसून जेवले आहे. त्या वाईट दिसत नाहीत. तेच भय वाटतं.

नागपंचमी

झालं तसं लिहिते.

सकाळी अंगणात गाव लोटलं. लाह्या, दूध, हळद. शालू न्हाऊन आली, हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, चांदबीनं पैसे न घेता भरलेल्या. बिराप्पानं मडकं उतरवलं, चौरंगापुढं ठेवलं. फडक्याची गाठ धरली आणि थांबला.

"ही गाठ माझी न्हवं," म्हणाला.

कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. तसली गाठ आमच्या घरात एकाच जागी आहे, लालाच्या वळकटीला.

फडकं काढलं. शालूनं हात कोपरापर्यंत आत घातला. तिनं हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि रिकामा बाहेर काढला. बिराप्पानं मडकं पालथं केलं. थोडी माती पडली.

मनुबाई सगळ्यात आधी बोलली. "उठून गेला. हिचं त्वांड बघाय राजी न्हाई झाला देव."

बाया मागं सरल्या. ज्या बाईनं तिच्या कपाळाला हळद लावली होती तिनं बोट पदराला पुसलं. आकाराम म्हणाला, "ठरलं मग. पलूसला मानूस धाडा. हिला म्हायारी पोचवा."

लाला खांबाला टेकून उभा. त्याला वाटलं होतं, नाग नसला की झालं. एवढा शिकलेला, पण रिकामं मडकं गाव कसं वाचतं ते त्याला कळलं नाही. शालू मडक्याकडं बघत नव्हती. त्याच्याकडं बघत होती आणि मान हलवत होती, नको नको अशी. काय नको ते देव जाणे.

मी चंचीतनं पत्र काढलं.

मला भरभर वाचता येत नाही. एक एक अक्षर धरून वाचावं लागतं. लाला पाच पावलांवर होता, हिसकावून घेतलं असतं तर मी काय केलं असतं. नाही घेतलं. मी 'गा' म्हणाले, 'ल' म्हणाले. सगळं गाव माझ्या बोटाबरोबर चाललं होतं. 'दोन्हीकडे' आलं तशी शालू ओरडली, "आज्जी, बास." मी थांबले नाही. खोडलेल्या ओळीपाशी आले तेव्हा वाचायला काही उरलं नव्हतं.

"म्हंजे काय?" मनुबाई म्हणाली.

"म्हंजे चुलवणातला साप नर हुता," मी म्हणाले. "आन् पलूसची आणा, न्हाईतर पंढरपूरची आणा."

मग लाला बोलला. खाली बघून. "आये, मला पोर व्हनार न्हाई. नाग म्या सोडला." आणि गर्दीतनं वाट काढून गेला. वाट लगेच मिळाली. कालपर्यंत त्याच्या खांद्यावर हात टाकणारे अंग चोरून उभे होते.

वद्य षष्ठी

लाला सांगलीत आहे. हळदीच्या पेठेत पोती उचलतो, भाऊसो बघून आला. घरी यायचं नाव काढत नाही. आकाराम माझ्याशी बोलत नाही. मनुबाई बोलते, पण ताटाशी. पलूसचं बारगळलं.

शालूला मी वाचवली, तर ती पंधरा दिवस माझ्यावर धुमसतेय. पाणी देते, तांब्या आपटून देते. मला उपकार नको आहेत, पण हे काय.

आज तिनं गाठोडं बांधलं. भाऊसोच्या लॉरीनं सांगलीला जाते म्हणाली.

मी म्हणाले, "त्याच्याकडं? जो तुला नागापुढं घालून खांबाला टेकला?"

"माझं मी घातलं हुतं."

"म्या न्हाई वाचलं आस्तं तर आज म्हायारी बसली आस्तीस."

"बसले आस्ते. त्यो ताठ मानेनं हिंडला आस्ता." गाठोड्याची गाठ दातानं ओढली. "तुमी समदं वाचलंसा, आज्जी. पर खोडल्याली वळ न्हाई वाचलीसा. 'मूल व्हनार न्हाई, शालूचं दुसरीकडं लावून द्या, पोर लहान हाय,' आसं हुतं तितं. लिवलं आन् मग खोडलं."

मी म्हणाले, "तुला तर क सुदिक येत न्हाई."

"वाचाय कशाला पायजे? पलटणीतनं आला त्याच राती त्यानं सांगितलं." ती माझ्या पाया पडली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि गेली.

दुपारी पत्र घेऊन अंगणात बसले. उन्हाला धरलं, डोळा बारीक करून. शाईखाली एक 'शा' दिसतो. पुढचं अक्षर न येणारीला येतं, मला येत नाही.